मर्सिडीजच्या जाळीमागचा माणूस

रविवारी मेसमध्ये जेवणं आटोपली की आमच्या टेबलावर एक विषय हमखास निघतो. प्लेसमेंट झाली, चार-पाच वर्षं नोकरी झाली, खिशात पैसे खुळखुळायला लागले की कुठली गाडी घ्यायची? आणि गाडी म्हणजे साधी घरगुती गाडी नव्हे हं! दोनच सीटची, जमिनीला चिकटून पळणारी, नुसत्या आवाजाने अख्खी गल्ली जागी करणारी. मग कोणी हॉर्सपॉवरचे आकडे फेकतं, कोणी शून्य ते शंभरचे सेकंद सांगतं. एकदा अशीच चर्चा रंगात आली असताना आमच्यातल्या एकीने (तिच्या वडिलांचं गॅरेज आहे) मध्येच विचारलं की ही तुमची गाडी मे महिन्यात रेल्वे फाटकावर पंधरा मिनिटं उभी राहिली तर तापणार नाही का? सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

पुढच्याच आठवड्यात थर्मल लॅबची व्हायव्हा होती. सरांनी कापून ठेवलेल्या एका जुन्या रेडिएटरकडे बोट दाखवलं आणि हा असा जाळीचा रेडिएटर पहिल्यांदा कोणी केला, असं विचारलं. मी आपलं ठोकून दिलं, बेंझ. सर नुसते हसले आणि पुढच्या रोल नंबरकडे वळले. मार्क गेले ते गेलेच! पण उत्तर शोधायच्या नादात लायब्ररीत जे वाचलं ते सबमिशनच्या फायलींपेक्षा कितीतरी मजेदार निघालं. ते नाव म्हणजे विल्हेल्म मायबाख. हो, पोस्टरवर आपण ज्याला मेबॅक मेबॅक म्हणतो तेच नाव, जर्मन उच्चार मायबाख. मर्सिडीज हे नाव ज्या गाडीने जगभर गाजवलं ती या माणसाने कागदावर रेखली. आणि ती गाडी गाजली त्याला एक मोठं कारण म्हणजे ती पळता पळता तापून बसत नव्हती.

मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी झाला. वडील सुतार. पुढे कुटुंब स्टुटगार्टला आलं. विल्हेल्म आठ वर्षांचा असताना आई गेली आणि दहा वर्षांचा असताना वडीलही गेले. पोरक्या मुलांना सांभाळणार कोण? शेवटी ओळखीच्या लोकांनी स्टुटगार्टच्या वर्तमानपत्रात निवेदन दिलं, की या मुलांना कोणीतरी आसरा द्या. (पेपरात जाहिरात देऊन आपली सोय लावली जाणं म्हणजे काय, याची मला कल्पनासुद्धा करवत नाही.) ते निवेदन कामी आलं. रॉइटलिंगन या गावी गुस्ताव वेर्नर नावाचे एक धर्मोपदेशक अनाथ आणि गरजूंसाठी एक संस्था चालवत होते. त्यांनी विल्हेल्मला आपल्याकडे घेतलं.

ही संस्था नुसती जेवू-खाऊ घालणारी नव्हती. तिचे स्वतःचे कारखाने होते आणि मुलांनी तिथे काम शिकायचं असा दंडक होता. पोराचा हात चित्रकलेत, म्हणजे आपल्या भाषेत इंजिनीअरिंग ड्रॉइंगमध्ये, चांगला चालतो हे वेर्नर यांच्या लक्षात आलं आणि त्याला वर्कशॉपच्या ड्रॉइंगच्या कामाला लावलं. दिवसा काम आणि जोडीला गावातल्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञानाचे जादा तास. आपण फर्स्ट इयरला ड्रॉइंगची शीट काचेवर ठेवून, खालून दिवा लावून छापतो, तेव्हा या मुलाची आठवण यायला हवी... असो.

१८६३ च्या अखेरीस या वर्कशॉपवर एक नवा मॅनेजर आला. गॉटलिब डाइमलर. वय २९. तो आला आणि मायबाख यांचं आयुष्य बदललं. (लहानपणीचं एकेरी इथे संपलं, यापुढे आदरार्थी.) डाइमलर यांनी या अबोल ड्राफ्ट्समनमधलं पाणी ओळखलं आणि त्यांना आपला उजवा हात बनवलं. ही जोडी डाइमलर यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०० पर्यंत टिकली. डाइमलर कार्ल्सरूहला गेले तेव्हा १८६९ मध्ये मायबाख त्यांच्या मागोमाग गेले. डाइमलर कोलोनजवळच्या डॉइट्झ इंजिन कारखान्याचे तांत्रिक प्रमुख झाले, तेव्हा तिथे मायबाख चीफ डिझायनर. हा कारखाना निकोलाउस ऑटो यांचा. ज्या ऑटो सायकलवर आपल्याला दर वर्षी आठ मार्कांचा प्रश्न येतो, तेच हे ऑटो! १८७६ मध्ये त्यांचं चार स्ट्रोकचं इंजिन तयार झालं आणि ते कारखान्यात नीट बनवता येईल, विकता येईल असं करायचं बरंचसं काम मायबाख यांच्याकडे होतं.

पण ऑटो आणि डाइमलर यांचं पटेना. १८८२ मध्ये डाइमलर बाहेर पडले आणि स्टुटगार्टशेजारच्या कानस्टाट गावात बंगला घेऊन राहिले. मायबाख अर्थातच सोबत. बंगल्याच्या बागेतल्या काचघरात दोघांनी वर्कशॉप थाटलं. दारं बंद करून रात्री-अपरात्री ठोकाठोक चालायची. माळ्याला संशय आला की हे लोक खोटी नाणी पाडतात. त्याने म्हणे पोलिसांना कळवलं, पोलिसांनी झडती घेतली आणि हाती लागली फक्त इंजिनं.

त्यांना हवं होतं छोटं, हलकं आणि भरभर फिरणारं इंजिन. ऑटोची इंजिनं एका जागी पाय रोवून उभी राहणारी, धिम्या चालीची आणि अवजड होती. या दोघांनी १८८५ मध्ये अर्ध्या हॉर्सपॉवरचं, मिनिटाला ६०० फेरे घेणारं इंजिन लाकडी दुचाकीत बसवलं. ती जगातली पहिली मोटरसायकल मानली जाते. आता गंमत पाहा. या इंजिनात पेट्रोल पेटवायला स्पार्क प्लग नव्हता. एक नळी बाहेरून बर्नरने लालभडक तापवून ठेवायची आणि तिच्या उष्णतेने आतलं मिश्रण पेटायचं. ही तापलेली नळी होती नेमकी सीटच्या खाली. डाइमलर यांचा मुलगा पाउल नोव्हेंबर १८८५ मध्ये या गाडीवर बसून शेजारच्या उंटरट्युर्कहाइम गावाकडे निघाला आणि वाटेत सीटनेच पेट घेतला! म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकीची पहिली रपेट आणि ओव्हरहीटिंगची पहिली तक्रार एकाच दिवशी.

इथे जरा थांबून आपल्या विषयाचं सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. इंजिन म्हणजे उष्णतेचं काम करणारं यंत्र खरं, पण ते जेवढी उष्णता कामाला लावतं त्यापेक्षा जास्त वाया घालवतं. ढोबळ हिशोब असा की पेट्रोलमधल्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग काम करतो, साधारण तेवढाच सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो आणि जवळपास तेवढाच सिलिंडरच्या भिंतींत मुरतो. हा शेवटचा तिसरा हिस्सा बाहेर काढला नाही तर तेल जळतं, पिस्टन फुगतो आणि इंजिन जाम होतं. अर्ध्या हॉर्सपॉवरला ही उष्णता किरकोळ. पण हॉर्सपॉवर वाढवली की ही नको असलेली उष्णताही त्याच पटीत वाढते. गाडी जितकी जोरकस तितका घरात चुलीचा जाळ मोठा. त्यामुळे वेगवान गाडी बनवणाऱ्याला एक नाही, दोन गाड्या बनवाव्या लागतात म्हणा ना! एक पळणारी आणि दुसरी तिला गार ठेवणारी.

सुरुवातीचा उपाय सोपा होता. सिलिंडरभोवती पाणी ठेवायचं, ते उकळू द्यायचं आणि वाफ झाली की वरून नवं ओतायचं. १८८८ मध्ये बर्था बेंझबाईंनी नवऱ्याला न सांगता मानहाइम ते फॉर्ट्सहाइम हा शंभरएक किलोमीटरचा पहिला लांबचा मोटारप्रवास केला, तेव्हा वाटेत सारखं पाणी भरत जावं लागलं. मायबाख यांनी १८८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी जी स्टीलच्या चाकांची गाडी केली, तिच्यात वेगळी शक्कल लढवली. गाडीची चौकट पोकळ नळ्यांची होती, मग त्याच नळ्यांमधून पाणी फिरवलं. चौकटच रेडिएटर! मला ही कल्पना भारी आवडली. दीड-दोन हॉर्सपॉवरला ती पुरलीही. दहा-वीसला पुरली नसती.

मधली काही वर्षं भरभर सांगते. १८९० मध्ये डाइमलर कंपनी उभी राहिली, पैसा दुसऱ्यांचा होता आणि त्यांनी मायबाख यांना चांगला करार दिला नाही. १८९१ च्या फेब्रुवारीत ते सरळ बाहेर पडले. मग कानस्टाटमधल्याच हर्मन नावाच्या हॉटेलात जागा घेऊन, डाइमलर यांच्या पैशावर, त्यांनी डिझाइनचं काम चालू ठेवलं. पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर १८९३ मध्ये इथलाच. आपल्या बाबांच्या स्कूटरमध्ये जो होता त्याचा हा खापरपणजोबा. कंपनी इकडे डबघाईला आली, तेव्हा फ्रेडरिक सिम्स या उद्योजकाने इंग्लंडसाठी लायसन्स घेताना अट घातली की डाइमलर परत आले पाहिजेत. १८९५ मध्ये दोघेही परतले. १८९७ मध्ये मायबाख यांनी नळ्यांचा रेडिएटर काढला. एका चपट्या टाकीतून आरपार बारीक बारीक नळ्या नेल्या, नळ्यांमधून हवा आणि बाहेरून पाणी. पाणी वाया न घालवता पुन्हा पुन्हा वापरायचं, ही खरी सुरुवात.

आणि आता रंगमंचावर येतो गिऱ्हाईक. एमिल येलिनेक. हा मूळचा लाइपझिगचा, व्यापारात पैसा केलेला, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस शहरात ऐटीत राहणारा गृहस्थ. नीसमध्ये हिवाळ्यात युरोपभरचे धनाढ्य उतरायचे. येलिनेकने डाइमलरची एक गाडी घेतली, ती त्याला फारच हळू वाटली, मग त्याने आणखी जोरकस गाडी मागवली आणि हळूहळू आपल्या श्रीमंत मित्रांना तो गाड्या विकायलाच लागला. कंपनीला तो सारखी पत्रं आणि तारा पाठवायचा आणि गाडीत काय काय वाईट आहे ते कळवायचा. असा गिऱ्हाईक कोणालाही नकोसा वाटेल. पण मला वाटतं, मायबाख यांना असाच माणूस हवा होता. डाइमलर गेल्यावर तर त्यांच्यामागे तगादा लावणारा दुसरा कोणी राहिलाच नव्हता.

१९०० सालचा मार्च महिना कंपनीसाठी वाईट गेला. ६ मार्चला डाइमलर वारले. महिनाअखेर नीसजवळच्या ला तुर्बी डोंगरावर चढणीची शर्यत होती. त्यात कंपनीचा फोरमन विल्हेल्म बाउअर फिनिक्स या गाडीला अपघात होऊन मरण पावला. गाडी आखूड, उंच आणि पुढे अवजड इंजिन, वळणावर ती सावरणार कशी? कंपनीत सूर निघाला की शर्यती बंद करा. येलिनेकचं म्हणणं उलट होतं. शर्यत सोडलीत तर गाडी विकायची विसरा, त्यापेक्षा गाडी सुधारा. लांब करा, रुंद करा, खाली बसवा, इंजिन हलकं करा. आणि नुसतं बोलून तो थांबला नाही. एप्रिल १९०० मध्ये त्याने तब्बल ३६ गाड्यांची ऑर्डर दिली, किंमत साडेपाच लाख मार्क. अट एकच, इंजिनाला त्याच्या लाडक्या लेकीचं नाव द्यायचं. मुलीचं नाव मर्सिडीज, वय १० वर्षं.

आता मायबाख यांच्यापुढचं कोडं बघा. गिऱ्हाईक मागतोय ३५ हॉर्सपॉवर. गाडी हलकी हवी म्हणजे पाण्याचा साठा कमी हवा. पुन्हा ती नुसती शर्यतीची नाही. जी गाडी घेऊन मंडळी शनिवारी डोंगर चढणार, तीच घेऊन रविवारी समुद्रकाठच्या रस्त्यावर हळूहळू मिरवणार. म्हणजे वाऱ्याचा भरवसा नाही.

मी एकदा रफ पेपरवर हिशोब मांडला. ३५ हॉर्सपॉवर म्हणजे साधारण २६ किलोवॅट. वरचा एक तृतीयांशचा नियम धरला तर तेवढीच उष्णता पाण्यात जाणार, सेकंदाला २६ किलोज्यूल. ही जुन्या पद्धतीने वाफ करून घालवायची म्हटली तर पूर्ण जोरावर तासाला जवळजवळ ४० लिटर पाणी उडेल. म्हणजे मागे पखालीचा रेडा बांधूनच शर्यतीला निघायचं!

मायबाख यांचं उत्तर म्हणजे तो जाळीचा रेडिएटर, ज्याच्यासाठी माझे मार्क गेले. ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटर छेदाच्या चौकोनी नळ्या, एकाशेजारी एक रचून डाग दिलेल्या. किती? ८,०७०! नळ्यांमधून हवा जाते आणि दोन नळ्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून पाणी झिरपत खाली येतं. गोल नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर मध्ये वेड्यावाकड्या जागा राहतात, तिथे पाणी नुसतं साठून राहतं. चौकोनी नळ्यांमध्ये फट सगळीकडे सारखी पातळ. पाण्याचा थर पातळ असला की प्रत्येक थेंब थंड भिंतीच्या जवळ राहतो. हीट ट्रान्सफरचं अख्खं युनिट या एका वाक्यात बसतं. परत हिशोब केला. या नळ्यांची तोंडं सगळी मिळून जेमतेम ०.२९ चौरस मीटर भरतात. पण नळीच्या लांबीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ जवळजवळ २ चौरस मीटर मिळतं. एक सेंटिमीटरला एक मोठी चटई! हे उत्तर आलं तेव्हा कॅल्क्युलेटर चुकला असं वाटून मी पुन्हा करून पाहिलं.

याला जर्मनमध्ये मधमाशांच्या पोळ्याचा रेडिएटर म्हणतात. आम्ही कॉन्व्हेंटवाले पोळं हा शब्द परीक्षेपुरता शिकलो, पण पोळं षटकोनी असतं आणि हे चौकोनी, एवढं मलाही कळतं. त्यामुळे आपली गॅरेजवाली मंडळी जाळी म्हणतात तेच बरोबर.

परिणाम काय झाला? आधीच्या गाडीला १८ लिटर पाणी लागायचं, या ३५ हॉर्सपॉवरच्या गाडीला ९ लिटर पुरलं. आणि हे ९ लिटर नुसतंच ठेवलं असतं, थंड केलं नसतं, तर माझ्या हिशोबाने पूर्ण जोरावर दोन मिनिटांत उकळलं असतं. म्हणजे दर दोन मिनिटांना ती जाळी ही गाडी वाचवत होती. शिवाय जाळीच्या मागे एक छोटा पंखा बसवला. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडी जोरात पळताना वारा फुकट मिळतो, पंख्याची फारशी गरजच नाही. गाडी रस्त्यावर हळू चालते किंवा उभी राहते तेव्हा वारा बंद होतो, पण इंजिन उष्णता देतच राहतं. शर्यतीत न तापणारी गाडी बाजारपेठेत तापते ती यामुळे. पंखा हा शर्यतीसाठी नव्हता, तो रस्त्यासाठी होता. आमच्या मेसमधल्या प्रश्नाचं उत्तर या माणसाने १९०० मध्येच देऊन ठेवलं होतं.

बाकीची गाडीही नवीनच होती. ५.९ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, पत्रा दाबून केलेली स्टीलची चौकट, बॉश कंपनीचं मॅग्नेटो इग्निशन. पहिली गाडी २२ डिसेंबर १९०० रोजी येलिनेकला मिळाली. सुरुवात काही झोकात झाली नाही. फेब्रुवारी १९०१ मध्ये पो गावच्या शर्यतीत गाडी लवकरच बाद झाली. येलिनेकने तेव्हा कसली तार केली असेल, देव जाणे. पण मार्च १९०१ मध्ये नीसचा शर्यतींचा आठवडा आला आणि चित्र पालटलं. विल्हेल्म वेर्नर या ड्रायव्हरने (रॉइटलिंगनच्या वेर्नर यांच्याशी घोटाळा करू नका) नीस ते सालों आणि परत ही ३९२ किलोमीटरची शर्यत ताशी सरासरी ५८ किलोमीटरने जिंकली. ज्या ला तुर्बीच्या चढणीवर बाउअर गेला होता, तिथला आधीचा विक्रम ताशी ३१.३ किलोमीटरचा होता. नव्या गाडीने ती चढण ५१.४ ने मारली. चढण म्हणजे इंजिन पूर्ण जोरावर आणि वारा कमी, तापण्याची हमखास जागा. त्यामुळे माझ्या मते या आकड्यात त्या ८,०७० नळ्यांचा वाटा इंजिनाइतकाच आहे.

त्या आठवड्यानंतर श्रीमंतांमध्ये मर्सिडीज घ्यायची झुंबड उडाली. १९०२ मध्ये मर्सिडीज हे नाव रीतसर नोंदवलं गेलं आणि त्याच वर्षी सिम्प्लेक्स नावाची पुढची गाडी आली, तिला तर ७ लिटरच पाणी पुरलं. येलिनेकने १९०३ मध्ये स्वतःच्या आडनावाला मर्सिडीज जोडून घेतलं. लेकीचं नाव बापाने लावण्याचं असं उदाहरण मी दुसरं ऐकलेलं नाही.

१९०३ सालची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयर्लंडमधल्या गॉर्डन बेनेट शर्यतीसाठी कंपनीने ९० हॉर्सपॉवरच्या खास गाड्या तयार केल्या होत्या. जूनमध्ये कानस्टाटच्या कारखान्याला आग लागली आणि त्या जळून गेल्या. शर्यत तोंडावर आलेली. मग ज्यांनी ६० हॉर्सपॉवरची रस्त्यावरची गाडी विकत घेतली होती, त्या मालकांकडून गाड्या उसन्या आणल्या. त्यातल्याच एका गाडीने, कामिय जेनात्झी याने चालवून, २ जुलैला शर्यत जिंकली. कोणाच्या तरी दारातली गाडी आणली आणि जगातली सगळ्यात मोठी शर्यत मारली!

आणि याच सुमाराला मायबाख यांचे दिवस फिरले. फ्रेंच लोक त्यांना डिझायनरांचा राजा म्हणायचे, पण राजाच्या स्वतःच्या घरात त्याला कोणी विचारेना. डाइमलर नव्हते, पाठीशी घालणारं कोणी उरलं नव्हतं. कंपनीतल्या राजकारणात त्यांना डिझाइनच्या मुख्य कामातून बाजूला करून नुसत्या शोध लावण्याच्या खात्यात बसवलं. मायबाख भांडणारे नव्हते. ड्रॉइंग बोर्डवर वाकलेला माणूस मागे काय शिजतंय ते बघत नाही, हा त्यांचा गुण म्हणा की दोष म्हणा. १९०७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांनी ती कंपनी सोडली. त्यांच्या जागी आला पाउल डाइमलर. सीटने पेट घेतलेला तोच मुलगा.

दुसरा कोणी असता तर पेन्शनीत बसला असता. पण ऑगस्ट १९०८ मध्ये काउंट झेपेलिन यांचं विमानजहाज एश्टरडिंगन इथे आगीत नष्ट झालं. झेपेलिन यांना चांगल्या इंजिनांची गरज होती आणि मायबाख यांचा मुलगा कार्ल तोपर्यंत बापाच्याच वळणाचा इंजिनीअर झाला होता. १९०९ मध्ये झेपेलिन आणि मायबाख यांनी मिळून विमानजहाजांच्या इंजिनांची कंपनी काढली, कारभार कार्लकडे आणि सल्ला वडिलांचा. पहिल्या महायुद्धात झेपेलिनांनी शहरांवर बाँब टाकले ते याच इंजिनांच्या जोरावर, हेही सांगायला हवं. युद्धानंतर जर्मनीला विमानांची इंजिनं बनवायला बंदी आली, तेव्हा कार्लने मोटारगाड्या काढल्या आणि १९२१ मध्ये मायबाख नावाची पहिली गाडी लोकांसमोर आली. आपल्या पोस्टरवरचं नाव ते हे. पुढे हे नाव मर्सिडीजवाल्यांकडेच गेलं आणि आज ते त्यांच्याच सगळ्यात महागड्या गाड्यांवर मिरवतं. ज्या कंपनीने त्यांना कोपऱ्यात बसवलं, तिच्याच गाडीवर!

१९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. अनाथाश्रमात रात्री गणित शिकलेल्या माणसाला! २९ डिसेंबर १९२९ रोजी स्टुटगार्टमध्ये ते वारले, वय ८३. कानस्टाटच्या उफ-किर्खहोफ दफनभूमीत त्यांना पुरलं. डाइमलर यांचीही कबर तिथेच आहे.

आता मेसमधल्या भावी गाडीमालकांसाठी दोन शब्द, कारण गॅरेजवाल्या मैत्रिणीने बजावून सांगितलंय. सेकंडहँड स्पोर्ट्स कार बघायला गेलात तर हायवेवर चक्कर मारून भाळू नका, हायवेवर सगळ्याच गार राहतात. एसी लावा, गाडी वीस मिनिटं एका जागी चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्याकडे बघत बसा. पंखा सुरू होतो का, काटा कुठे थांबतो, बंद केल्यावर खाली पाणी ठिबकतं का. आणि रेडिएटर किती उष्णता टाकतो ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं, हेही ध्यानात असू द्या. पाणी ९० अंशांवर असेल तर नीसच्या मार्चमधल्या १५ अंशांच्या हवेत हा फरक ७५ चा, आणि विदर्भातल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत फक्त ४५ चा. तीच जाळी, तोच पंखा, पण काम चाळीस टक्के कमी. आणि हो, गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांच्या हातावर त्याची खूण आहे.

सरांना जाऊन मी उत्तर सांगितलं. मार्क वाढले नाहीत. त्या कापलेल्या रेडिएटरमध्ये किती नळ्या आहेत हे मोजून ये, म्हणाले. ३१२ पर्यंत मोजल्या होत्या, तेवढ्यात लॅब बंद करायची वेळ झाली.